पिवळ्या पेपरचे नऊ गुण

"ऊठ तिथून! खिडकीची जागा माझी आहे!"

ठिणगीने दप्तर बाकावर आपटलं. तिची मावसबहीण दचकून उभी राहिली आणि लगेच म्हणाली, "घे ना. मला कुठेही चालतं."

नेमकं हेच ठिणगीला खपायचं नाही! भांडायला जावं, तर ही भांडतच नाही. एवढ्यात दारातून आईचा आवाज आला. दोघींना क्लासला सोडायला ती मुद्दाम वरपर्यंत आली होती.

"ती तिथेच बसेल. पाहुणी आहे ती. तू भिंतीकडे सरक."

"अगं पण आई, मागच्या सुट्टीपासून मी इथे..."

"सरक म्हटलं ना!"

ठिणगी सरकली, पण आतून अशी धुमसत होती की शेजारी कापूस ठेवला असता तर पेटलाच असता. तिला सगळे ठिणगी म्हणत ते काही उगीच नाही.

मावसबहिणीचं नाव रेशीम पडलं होतं. केस मऊ, बोलणं मऊ, आणि इंग्रजी तर विचारूच नका! दोघीही बारा वर्षांच्या. रेशीम सुट्टीत राहायला आली त्याच दिवशी आई म्हणाली, "बघ जरा तिची वही. एक खाडाखोड नाही!" दुसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, "हिचं वाचन ऐकलंस का?" आणि तिसऱ्या दिवशी घरातलं मांजर ठिणगीची मांडी सोडून रेशीमच्या मांडीवर जाऊन झोपलं. आता मात्र हद्द झाली! ठिणगीला हेवा वाटत होता. अगदी पोटात दुखेपर्यंत वाटत होता, आणि ती तो लपवायच्या भानगडीतही पडत नव्हती.

सरांचा सुट्टीतला इंग्रजीचा क्लास सायकल दुरुस्तीच्या दुकानावर भरायचा. खाली चाकांत हवा भरत आणि वर मुलांच्या डोक्यात काळ. साधा भूतकाळ, चालू भूतकाळ, पूर्ण भूतकाळ...

"सर, एकच भूतकाळ पुरला नसता का?" मागच्या बाकावरून भोंगा विचारायचा. भोंग्याचा आवाज असा की त्याने कुणाच्या कानात गुपित सांगितलं तरी ते खालच्या सायकलवाल्याला कळायचं. तो खिडकीकडे बसायचा. त्याच्या शेजारी भिंतीकडे पेन्सिल बसायची. ती उंच, किडकिडीत, आणि बोलायला टोकदार. तिला मोजायची खोड होती. जिन्याच्या पायऱ्या, वर्गातली बाकं, सर दिवसात किती वेळा "अंडरस्टँड?" म्हणाले, सगळं तिच्या वहीच्या मागच्या पानावर असायचं.

व्याकरण झालं की उतारे. उतारा वाचायचा आणि त्याखालच्या प्रश्नांची उत्तरं शोधायची. रेशीमची याची एक पद्धत होती. ती आधी प्रश्न वाचायची, मग उतारा, आणि उत्तर देताना उताऱ्यातल्या एका ओळीवर बोट ठेवायची.

"ओळ दाखवता आली पाहिजे," ती म्हणायची. "नाहीतर ते उत्तर नाही, नुसता अंदाज आहे."

"मला नाही लागत असली बोटं!" ठिणगी फणकारायची आणि घरी गेल्यावर गुपचूप तेच करून बघायची. पद्धत चांगली निघाली, याचा तर तिला जास्तच राग आला.

क्लासच्या शेवटी चाळीस प्रश्नांची मोठी चाचणी होती. पहिल्या येणाऱ्याला डोंगरावरच्या इंग्रजी शिबिरात आठ दिवस जायला मिळणार होतं. तंबूत राहायचं, नाटक बसवायचं, तळ्यात होडी वल्हवायची! जागा मात्र एकच. ठिणगीने तंबूचं चित्र काढून आपल्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवलं होतं. निदान ही एक गोष्ट तरी रेशीमच्या आधी मला मिळू दे, असं ती रोज सकाळी त्या चित्राकडे बघून म्हणायची.

कुणी शेजाऱ्याचं बघून लिहू नये म्हणून सर दोन पेपर काढत. उतारे तेच, प्रश्न तेच, फक्त प्रश्नांचा आणि पर्यायांचा क्रम वेगळा. भिंतीकडच्यांना पांढरा पेपर, खिडकीकडच्यांना पिवळा. तपासायची युक्तीही सरांचीच. मुलांनी चौकोनात फुल्या मारायच्या. मग क्लासचे कारकून काका त्या कागदावर एक पुठ्ठा ठेवत. बरोबर उत्तर असेल त्या जागी पुठ्ठ्याला भोक पाडलेलं असायचं. भोकातून फुली दिसली की एक गुण, नाही दिसली की तिथे लाल ठिपका. पांढऱ्या पेपरला पांढरा पुठ्ठा, पिवळ्याला पिवळा.

"काकांना इंग्रजीचं एक अक्षर येत नाही, तरी वीस पेपर वीस मिनिटांत!" सर मोठ्या अभिमानाने सांगत. "पुठ्ठ्याला डोकं नसतं, म्हणून तो चुकत नाही. अंडरस्टँड?"

निकालाच्या दिवशी सरांनी खाकरून घसा साफ केला.

"पहिला नंबर. एकतीस गुण." आणि त्यांनी बोट दाखवलं ते थेट ठिणगीकडे!

ठिणगी बाकावरून उडालीच. तिने आधी तंबू पाहिला, मग होडी पाहिली, मग आईचा चेहरा पाहिला, सगळं डोळे मिटूनच. डोळे उघडले तेव्हा सर शेवटचा कागद उचलत होते.

"आणि सगळ्यात कमी. नऊ."

तो कागद रेशीमचा होता.

"अरे, मला चौदा!" भोंगा गरजला. "आणि मी तर डोळे मिटून फुल्या मारल्या होत्या!"

वर्ग खो खो हसला. सर मात्र हसले नाहीत. "रोजच्या वर्गपाठात हिला पैकीच्या पैकी, आणि शेजारी वेगळा पेपर आला की नऊ! याचा अर्थ काय? शेजारच्या वहीत बघून लिहायची सवय. मी तुझ्या मावशीला फोन करणार आहे."

रेशीम नुसती त्या नवाच्या आकड्याकडे बघत बसली. आणि ठिणगीने मान खाली घातली, कारण शेजारची वही म्हणजे तिचीच! खरी गोष्ट उलटी होती. मागच्या आठवड्यात कर्मणी प्रयोगाची दहा वाक्यं तिनेच रेशीमच्या वहीतून उतरवून घेतली होती.

घरी आल्यावर आईने ठिणगीला जवळ घेतलं. "शाब्बास गं माझी बाय! सरांनी उद्या दहा वाजता तुझं नाव शिबिराला पाठवायचं ठरवलंय." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "रेशीमला काही बोलू नकोस हं. ती उद्या दुपारच्या बसने परत जाते म्हणतेय."

सुट्टी संपायला अजून दहा दिवस होते. बरं झालं, जाऊ दे! मांजर तरी परत मिळेल, असं ठिणगीच्या मनात आलं.

दुपारचं जेवण झाल्यावर दोघींचे पेपर आणि उत्तरपत्रिका घेऊन ती बाबांच्या टेबलाशी बसली. खरं सांगायचं तर तिला रेशीमच्या कागदावरचे लाल ठिपके मोजायचे होते. एक, दोन, तीन... काय मजा येत होती! बाराव्या ठिपक्याशी मात्र तिचं बोट थबकलं.

मधमाश्या पाळणाऱ्या आजीबाईंचा उतारा होता. पुरात किती पेट्या वाहून गेल्या, असा प्रश्न. रेशीमने फुली मारली होती 'तीन' वर. लाल ठिपका होता 'नऊ' वर. ठिणगीने आपला पांढरा पेपर ओढला. तिथेही तोच प्रश्न, वेगळ्या क्रमांकाला. तिने स्वतःही 'तीन' वरच फुली मारली होती, आणि तिला गुण मिळाला होता.

तिने उताऱ्यावर बोट ठेवलं. पाचवी ओळ. तीन पेट्या. अगदी स्पष्ट!

"असेल चुकून," ती पुटपुटली आणि पुढचा प्रश्न पाहिला. मग त्याच्या पुढचा. आजीबाई कुणावर रागावल्या? उत्तर दोघींचं एकच. ठिणगीचं बरोबर, रेशीमचं चूक. गाळलेल्या जागी 'ॲन' की 'द'? पुन्हा तेच! सात ठिकाणी, दहा ठिकाणी, पंधरा ठिकाणी तेच.

ठिणगीने सगळे कागद गोळा केले, खणात कोंबले आणि खण धाडकन बंद केला. तिला काही दिसलंच नव्हतं! पुठ्ठा चुकत नाही असं सर स्वतः म्हणाले होते. मग तिने कशाला नाक खुपसायचं? एकदाच, फक्त एकदाच ती रेशीमच्या पुढे गेली होती!

ती खोलीत आली. रेशीम पिशवी भरत होती.

"डोंगरावर थंडी असेल," रेशीम म्हणाली. "माझा हा स्वेटर ने. तुझा पातळ आहे."

"मला नको तुझा स्वेटर! तू रागाव ना माझ्यावर! जरा तरी जळ!"

रेशीम स्वेटरची घडी घालत राहिली. मग हळूच म्हणाली, "मी बघून नव्हतं लिहिलं गं. बाकी कुणी काही म्हणू दे. पण तुला तर माहितीये ना?"

"माहितीये," ठिणगी कशीबशी म्हणाली. खणातले कागद काढून ती जी पळत सुटली ती थेट पेन्सिलच्या दारात! भोंगा तिथेच कॅरम खेळत होता.

तिने सगळं सांगितलं. कर्मणी प्रयोगाची दहा वाक्यं सोडून सगळं. पेन्सिलने वहीचं मागचं पान उघडलं. तिने वर्गातल्या प्रत्येकाचे गुण टिपून ठेवले होते, यात नवल काहीच नाही.

"भिंतीकडचे दहा जण. सगळे वीसच्या वर," ती म्हणाली. "खिडकीकडचे दहा. सगळ्यात जास्त चौदा."

"म्हणजे खिडकीतून अक्कल उडून जाते?" भोंगा म्हणाला. दोन घरं पलीकडे कुणीतरी खिडकी लावून घेतली.

"अरे, खिडकीकडे पिवळा पेपर होता!" ठिणगी ओरडली. "घोळ पिवळ्या पुठ्ठ्यात आहे!"

"थांब," पेन्सिल म्हणाली. "तो घोळ निघाला, तर शिबिर तुझ्या हातून जाईल."

"माहितीये मला! सारखं सारखं सांगू नकोस!"

तिघं क्लासवर पोचले तेव्हा चार वाजले होते. सर घरी गेले होते. कारकून काका वर एकटेच टेबलाशी बसून हजेरीच्या वह्या लावत होते.

"काका, पिवळा पुठ्ठा जरा बघू का?" ठिणगीने सरळ विचारलं.

काकांच्या हातातली वही खाली पडली. "पु... पुठ्ठा? कशाला? पुठ्ठा बिलकुल चुकत नाही! चला, निघा इथून!" आणि त्यांनी तिघांना जिन्यापर्यंत हाकललंच.

"पाहिलंस? ततपप झालं त्यांचं," पेन्सिल कुजबुजली.

"भोंग्या," ठिणगी म्हणाली, "तुला अनियमित क्रियापदं पाठ आहेत ना?"

"अर्धीमुर्धी."

"पुरे. खाली उभा राहा आणि म्हण. मोठ्याने!"

भोंग्याला आयुष्यात पहिल्यांदाच कुणी मोठ्याने बोलायला सांगितलं होतं. त्याने छाती भरून श्वास घेतला. "गो! वेंट! गॉन! ईट! एट! ईटन!" सायकलवाल्याच्या हातातला पाना निसटला. रस्त्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं. "सिंग! सँग! संग!"

"अरे ए! बंद कर तो भोंगा!" काका तणतणत जिना उतरले. दाराआडून ठिणगी आणि पेन्सिल आत सटकल्या.

दोन्ही पुठ्ठे खिळ्याला टांगलेले होते. ठिणगीने ते एकावर एक ठेवून खिडकीसमोर धरले. तिच्या फ्रॉकवर उजेडाचे ठिपके पडले.

"अडतीस, एकोणचाळीस, चाळीस," पेन्सिलने मोजले. "चाळीसच्या चाळीस! सगळी भोकं जुळतात!"

"पण प्रश्नांचा क्रम वेगळा आहे ना? मग भोकं एकसारखी कशी?"

ठिणगीच्या अंगठ्याला पिवळा रंग लागला होता. पिवळा पुठ्ठा पिवळा नव्हताच! पांढऱ्या पुठ्ठ्यावरून भोकं उतरवून घ्यायची आणि वरून पिवळा रंग द्यायचा, असा उद्योग कुणीतरी केला होता.

"मग खरा पिवळा कुठे गेला?" पेन्सिल टेबलाला टेकली आणि एकदम ताठ उभी राहिली. "ठिणगे, हे टेबल डुगडुगत नाहीये! पहिल्या आठवड्यात सरांचा चहा यावरून सात वेळा सांडला होता. मी मोजलंय."

दोघींनी खाली वाकून पाहिलं. टेबलाच्या मागच्या पायाखाली चार घड्या घातलेला एक पुठ्ठा होता. जुना, मळका, पिवळा, भोकाभोकांचा!

पेन्सिलने हात पुढे केला. ठिणगीने तो धरला. "राहू दे तिथेच. आपण काढला तर म्हणतील, आपणच ठेवला. उद्या सर स्वतः काढतील."

खालून "ड्रिंक! ड्रँक!" नंतर एकदम शांतता झाली. दोघी पुन्हा दाराआड झाल्या आणि काका आत शिरताच दोन-दोन पायऱ्या करत जिना उतरल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेशीम क्लासला यायला तयार नव्हती. ठिणगीने तिला हाताला धरून ओढतच आणलं आणि खिडकीशी बसवलं. दहा वाजता नाव पाठवण्याआधी शिबिराच्या अर्जावर सही करायला आईही आली होती. सरांनी अर्ज पुढे सरकवला. पावणेदहा वाजले होते. ठिणगीला वाटलं, अजूनही गप्प बसता येईल. फक्त पंधरा मिनिटं! तिने एकदा तंबू आठवला आणि उठून उभी राहिली.

"सर, पिवळा पेपर फार अवघड होता म्हणतात. एकदा तुम्ही सोडवून दाखवाल का? आम्हाला शिकायला मिळेल."

"हो, हो, सर! प्लीज!" भोंग्याने खिडकीच्या काचा हलवल्या.

सर खूश झाले. "अवघड कसला? बघा हं!" त्यांनी कोरी उत्तरपत्रिका घेतली आणि पिवळ्या पेपरच्या चाळीस प्रश्नांवर पटापट फुल्या मारल्या. "चाळीसपैकी चाळीस! अंडरस्टँड?"

"काका, तपासा ना," ठिणगी म्हणाली.

कारकून काकांचा चेहरा पडला. "कशाला? सरांचा पेपर कसला तपासायचा!"

"तपासा, तपासा," सर हसत म्हणाले. "मुलांना कळू दे."

काकांनी पिवळा पुठ्ठा ठेवला. वर्गात पेन्सिलच्या मोजण्याखेरीज आवाज नव्हता.

"किती?" सरांनी विचारलं.

"नऊ," काका म्हणाले.

"किती?"

"नऊ, साहेब."

मग भोंगा ओरडला, "सर, तुम्ही कुणाच्या वहीत बघून लिहिलंत?"

सगळा वर्ग हसत सुटला. सर लालबुंद झाले. ते रागावणार एवढ्यात ठिणगी पुढे आली. "सर, रेशीमलाही नऊच मिळाले होते. ही पंधरा प्रश्नांची यादी बघा. आमच्या दोघींचं उत्तर एकच आहे, उताऱ्यात ओळसुद्धा आहे, पण मला बरोबर आणि तिला चूक दिलंय. हे दोन पुठ्ठे उजेडात धरा. आणि मग टेबलाच्या मागच्या पायाखाली बघा."

सरांनी पुठ्ठे उजेडात धरले. मग ते स्वतः गुडघ्यावर बसले, टेबल उचललं आणि तो चार घड्यांचा पिवळा पुठ्ठा बाहेर काढला. टेबल लगेच डुगडुगलं.

"साहेब, चूक झाली," काका डोळे पुसत म्हणाले. "टेबल हलायचं, चहा हजेरीवर सांडायचा. मला वाटलं, रद्दीतला पुठ्ठा आहे. कळलं तेव्हा घड्या पडून तो पार मोडला होता. कुणाला सांगायची लाज वाटली, म्हणून पांढऱ्यावरून भोकं उतरवून नवा केला. भोकं ती भोकं, त्यात काय फरक असणार, असं वाटलं मला!"

सरांनी खरा पुठ्ठा सपाट केला आणि खिडकीकडचे दहाही पेपर स्वतः तपासले. भोंग्याला चौदाचे अकरा झाले. "माझे तीन कुठे गेले?" तो कळवळला. शेवटी रेशीमचा कागद आला.

"एकोणचाळीस," सर म्हणाले. मग ते रेशीमच्या बाकाशी जाऊन उभे राहिले. "मुली, मी तुझ्यावर नको तो आळ घेतला. पुठ्ठ्यावर विसंबलो आणि स्वतः काही पाहिलं नाही. मला माफ कर."

"सर," ठिणगीचा चेहरा आता सरांपेक्षा लाल झाला होता, "बघून लिहिणारी ती नव्हे. कर्मणी प्रयोगाची वाक्यं मी तिच्या वहीतून उतरवली होती."

आईने भुवया उंचावल्या. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "उतारा वाचणारे मी खूप पाहिले," ते म्हणाले. "पण जे समोर आहे ते नीट वाचून, स्वतःचं नुकसान होत असताना, खरं उत्तर सांगणारी मुलगी पहिल्यांदा पाहिली. ती दहा वाक्यं उद्या स्वतः लिहून आण. आणि आज सगळ्यांनी हिच्यासाठी टाळ्या वाजवा!"

टाळ्या पडल्या. पेन्सिलने त्या मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. आईने अर्जावर रेशीमचं नाव घातलं आणि जाता जाता ठिणगीच्या डोक्यावरून हात फिरवला. "आज मला तुझा जितका अभिमान वाटला ना, तितका त्या एकतीस गुणांनी नव्हता वाटला," ती म्हणाली.

ठिणगीला बरं वाटलं. पण पूर्ण बरं नाही. जिना उतरताना तंबू, होडी आणि तळं, सगळं पुन्हा डोळ्यांसमोर आलं आणि पोटात तसंच दुखलं.

"सांगूनच टाकते," ती रेशीमला म्हणाली. "मला अजून तुझा हेवा वाटतो. खूप!"

"मला पण तुझा वाटतो," रेशीम म्हणाली.

ठिणगी पायरीवर थांबली. "माझा? कशाबद्दल?"

"सगळ्यांसमोर उभी राहिलीस. सरांना म्हणालीस, तुम्ही सोडवून दाखवा. स्वतःची चूकसुद्धा सांगितलीस. काल माझ्यावर आळ आला तर माझ्या तोंडून 'नाही' एवढंसुद्धा निघालं नाही. मी रात्रभर जळत होते तुझ्यावर. तुझ्यासारखं भांडता आलं असतं तर!"

खाली सायकलवाला चाकात हवा भरत होता. मागून भोंगा काहीतरी ओरडत येत होता. ठिणगी पायरीवरून हलेना. हुशार, मऊ केसांची, मांजराची लाडकी रेशीम चक्क ठिणगीवर जळत होती!

"परत म्हण," ठिणगी म्हणाली.

"काय?"

"तेच. पहिल्यापासून. सावकाश म्हण!"